भूस्थानिक म्हणजे कोण?

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कऱ्हाटीला मोजणी. दोन भावांची वाटणी. खुणा लागेपर्यंत दोघेही मला साहेब, साहेब करत होते. खुणा लागल्या, विहिरीकडची पायवाट थोरल्याच्या बाजूला गेली हे धाकट्याच्या ध्यानात आलं, आणि मी लगेच विकला गेलेला माणूस झालो. नकाशा दाखवून समजावायला गेलो तर वाक्य अर्ध्यातच तोडलं. सव्वीस वर्षं हेच चाललंय. माझं एक वाक्य कुणी पुरतं ऐकून घेतलं असेल तर शपथ.

दुपारी बारामतीच्या ऑफिसात आलो तर पुण्याच्या कंपनीचा माणूस वाट बघत बसलेला. अविराज नाव. तिथलं मार्केटिंग बघतो. मी मोजणीला जे रोव्हर वापरतो, म्हणजे काठीवर बसवलेलं जीपीएसचं यंत्र, ते यांच्याच कंपनीचं. मला वाटलं बॅटरीच्या तक्रारीचं काही असेल. तर म्हणाला, "सर, आम्ही मराठीत पॉडकास्ट काढतोय. बोलणार तुम्ही."

मी विचारलं, जाहिरातच ना? तो हसला. "जाहिरात वाटायला नको, सर. जाहिरात आली की लोक पुढे पळवतात. माणसाचं बोलणं मात्र ऐकतात. तुम्ही अनुभवाचं बोला. मध्ये कुठंतरी आमच्या यंत्राचं नाव येईल, तेवढंच."

मी दोन अटी घातल्या. एक, खर्च कंपनीचा आहे हे मी सुरुवातीलाच स्वच्छ सांगणार. तो म्हणाला, बिलकुल. दुसरी नावाची. त्यांनी 'जिओ टॉक' ठरवलं होतं. म्हटलं, आमच्याकडे लोक रिचार्ज विचारतील. मराठीत नेमका शब्द आहे: भूस्थानिक. जमिनीवरच्या स्थानाशी संबंधित ते भूस्थानिक. सरकारी कागदांतही हाच वापरतात. त्याने शब्द तोंडात घोळवून बघितला.

"जरा जड नाही का, सर?"

"जड नाही. अचूक आहे."

मान्य झालं. सहा भाग करायचे. चांगले गेले तर पुढे आणखी बारा.

माझ्याकडे डिग्री नाही, डिप्लोमाही नाही. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश उघडून वाचली आणि शिकलो. आज बारामती-इंदापुरात माझ्या मोजणीला कोर्टात आव्हान देऊन कुणी टिकलेलं नाही. अविराज म्हणाला, "डिग्रीवाले खूप मिळतात सर, पण तुमच्यासारखा आवाज मिळत नाही." आवाज म्हणाला की अनुभव, हे आता नीट आठवत नाही. अनुभवच म्हणाला असावा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला भाग केला. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. तरीही उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने गाणी लावून जातात ते आत ऐकू येतंच. दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा सलग बोललो. पृथ्वी पूर्ण गोल नाही आणि त्याचा आपल्या बांधाशी काय संबंध, हा विषय. मध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

उठलो तेव्हा गुडघा आखडला होता, पण डोकं हलकं होतं. ही दारातच उभी होती. म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याशी एवढं कधी बोलला न्हाईत."

"तू कधी विचारलं नाहीस."

"आन् माईकनं विचारलं व्हय?"

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

१ डिसेंबर, सोमवार

दोन भाग आलेत. ऐकणारे दोन गावं मिळून एका मयतीला जमतील एवढेसुद्धा नाहीत, आणि त्यातही तीनदा मीच.

शिवाय एक गोष्ट. कंपनीने खर्च केलाय हे माझं वाक्य सुरुवातीला होतं. ते उचलून अगदी शेवटी टाकलंय, आणि इतकं पळवलंय की उंदीर बोलल्यासारखं वाटतं. अविराजला फोन केला. म्हणाला, "सर, वाक्य आहे ना? काढलेलं नाही." आहे. काढलेलं नाही. या पोराच्या बोलण्यात चूक काढता येत नाही, हीच अडचण आहे.

शेतात काल पाय मुरगळला. या वयात नांगरटीतून काठी घेऊन फिरणं आता होत नाही. पुढचे बारा भाग मिळाले तर निम्म्या मोजण्या सोडून देता येतील. खुर्चीत बसून बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं. ही हाव म्हणावी का? मला तरी वाटत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

तिसरा भाग. विषय जरा अवघड होता, म्हणून नीट तयारी केली. रोव्हरला आपली जागा अचूक कळायला जवळपास एक पक्की खूण लागते. तिथे दुसरं यंत्र ठेवायचं, ते रोव्हरला चूक दुरुस्त करून पाठवतं. त्याला आधार म्हणायचं. हल्ली आळशी लोक लांबच्या शहरातल्या आधारावर काम भागवतात. अंतर वाढलं की चूकही वाढते. हे मी जरा तावातावाने बोललो. शेवटी म्हणालो, "लांबच्यावर विसंबू नका. स्थानिक आधार घ्या. जमीन इथली, खूण इथली, मग दुरुस्ती बाहेरून कशाला?"

ऐकताना माझं मलाच बरं वाटलं.

१७ डिसेंबर, बुधवार

त्या शेवटच्या तीन वाक्यांची रील कंपनीने काढली आणि ती सुटलीच आहे. सकाळपासून फोन खाली ठेवता आला नाही. भिगवण, निमगाव, वालचंदनगर, कुठून कुठून लोक ऐकतायत. सांगलीच्या एका माणसाने लिहिलंय, 'सर, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं.'

मी आधीपासून म्हणत होतो. विषय अवघड असला तरी नीट मांडला की साध्या माणसाला कळतो.

प्रतिसाद सगळे वाचून काढले. काही उत्तम आहेत. 'बाहेरून आणलेल्यांपेक्षा इथलेच सरस, हे कंपन्यांना कधी कळणार?' अगदी बरोबर. यंत्र विकणाऱ्या कंपन्यांचं हेच चुकतं, लांबचा आधार देऊन मोकळ्या होतात. एकाने विचारलंय, 'आधारवर पत्ता इथलाच पाहिजे का?' त्याचा गोंधळ झालाय, आधार म्हणजे आधार कार्ड समजला बिचारा. मी त्याला सविस्तर लिहिलं. त्याने नमस्काराचे हात पाठवले.

कळंबच्या दत्तोबा नावाच्या गृहस्थांचा मेसेज आला: 'सर आमच्या गटाचं पण घ्या.' मी उत्तर दिलं, गट नंबर कळवा. त्यांचा जबाब: 'नंबर अजून न्हाय मिळाला. चाळीस जण हाय.' एका गटात चाळीस हिस्सेदार! सामाईक खातं असणार, आणि पोटहिस्से पडलेले नसणार. असली प्रकरणं हातात घ्यायला मोठमोठे लोक घाबरतात. मी लिहिलं, काळजी करू नका, प्रत्येकाला त्याचं मिळेल.

त्यावर त्यांनी तीन हार पाठवले. फुलांचे, चित्रातले.

२३ डिसेंबर, मंगळवार

अविराजचा फोन. खुशीत होता. वरचे साहेब खूश आहेत, म्हणाला, पुढचे बारा भाग जवळजवळ नक्की. फक्त प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक ओळ वाचायची: 'भूस्थानिकांचा हक्काचा आवाज.'

मी हरकत घेतली. भूस्थानिक हे विशेषण आहे. विशेषणाला 'भूस्थानिकांचा' असं नामासारखं चालवता येत नाही. ते त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भूस्थानिक क्षेत्रातले लोक, सर. म्हणजे तुम्ही-आम्ही."

असं असेल तर चालेल. तरी मी व्याकरणाची नोंद करून ठेवायला सांगितली. ओळ पाच-सहा वेळा वाचली, 'हक्काचा' मधला जोड क नीट उमटेना. शेवटची चांगली झाली.

संध्याकाळी ही भिशीवरून आली. म्हणाली, "समद्या बाया तुमचंच काढत हुत्या. एकीनं विचारलं, आमच्या पोराचं कुठं बघतील का म्हणून."

"काय बघायचं?"

"नोकरीचं."

मी काय, रोजगार कार्यालय उघडून बसलोय? कुणी थोडा प्रसिद्ध झाला की लोक लगेच ओळख काढतात. तिला सांगितलं, असल्यांना दारात उभं करू नकोस.

४ जानेवारी, रविवार

आजचं नीट लिहून ठेवतो. उद्या मला स्वतःलाच पटणार नाही.

दत्तोबांनी कळंबला बोलावलं होतं. रोव्हर, तिपाई, खुणांचे खिळे, सगळं गाडीत घालून निघालो. समाजमंदिरासमोर मांडव होता आणि मांडवाला फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा फोटो, आडवा ताणलेला, त्यामुळे मान नाहीशी झालेली. खाली 'भूस्थानिक कृती समिती, कळंब' आणि 'आपला हक्काचा आवाज मा. रविंद्र सर'. कागदोपत्री माझ्या नावातला वि ऱ्हस्वच आहे. फ्लेक्सवाल्याने तो बरोबर ठेवला, एवढंच मला पहिल्यांदा दिसलं.

दत्तोबा पुढे आले. साठीचे, अंगाने वाळलेले, टोपी कडक. "या सर, या. ह्यो डबा कशाला आणलाय?"

"मोजणीला. गट कुठला आहे?"

"ह्योच की आमचा गट. नोंदणीचा नंबर तेवढा यायचाय," ते म्हणाले, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसांवरून त्यांनी हात फिरवला.

मी तिपाई हातात धरून तसाच उभा.

मग उलगडत गेलं. माळावरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत यांच्या जमिनी गेल्या. घरटी एक नोकरी मिळेल असं त्या वेळी तोंडी सांगितलं होतं. आता कंत्राटदार बाहेरून माणसं आणतो. यांची मागणी एकच: आधी स्थानिक. आणि अचानक एक कार्यक्रम सुरू झाला. भू म्हणजे जमीन, आणि स्थानिक. जमीन दिलेले स्थानिक. त्यात एक सर ठणकावून सांगतात, जमीन इथली, मग बाहेरून कशाला. नाव म्हणून समितीने तोच शब्द घेतला.

"पयल्या भागात पृथ्वीचं लई हुतं," दत्तोबा म्हणाले, "पर आमाला वाटलं, सर बेस घालत्यात."

लोक माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, सांगणारही होतो. तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला, खराखुरा, आणि सगळे गप्प झाले. समोर चाळीस माणसं आणि एकाचीही चुळबूळ नाही. मी बोललो. काय बोललो? एकजूट, चिकाटी, कागदपत्रं जपून ठेवा. कुठलाही पाहुणा कुठंही बोलतो तसलं. मध्ये कुणी तोडलं नाही.

चहा पिऊन परत आलो. रोव्हर गाडीतून काढलंच नाही.

५ जानेवारी, सोमवार

अविराजला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, लोकांचा गैरसमज झालाय. तो म्हणाला, "हो, सर."

"हो म्हणजे?"

"तिसऱ्या भागापासून आम्हाला कल्पना आहे. कमेंट आम्ही पण वाचतो ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खुशीत होतात, सर."

मग ती ओळ? हक्काचा आवाज? तो म्हणाला, ओळीत खोटं काय आहे? भूस्थानिक क्षेत्रातले लोक. मीच मान्य केलं होतं. व्याकरणाच्या नोंदीसकट.

"सर, लोक ऐकतायत. का ऐकतायत हे कशाला उकरायचं? ते ऐकतात, यंत्राचं नाव जातं, तुम्हाला पुढचा सीझन मिळतो. नुकसान कुणाचंय?"

नुकसान माझंच आहे, पण ते मार्केटिंगच्या पोराला काय सांगणार? तीन आठवडे वाटत होतं लोकांना माझं म्हणणं कळतंय. त्यांनी माझा आवाज घेतला, म्हणणं तिथंच ठेवलं.

जेवताना ही म्हणाली, मला तर पहिल्यापासून तसंच वाटलं होतं. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी कुणाला बोलू देता?"

१३ जानेवारी, मंगळवार

सहावा, शेवटचा भाग. सुरुवातीला मी सरळ सांगितलं: या कार्यक्रमाचा नोकऱ्यांशी काही संबंध नाही, भूस्थानिक हा तांत्रिक शब्द आहे, ज्यांचा गैरसमज झाला त्यांची माफी मागतो. शब्द मोजूनमापून. अविराजला बजावलं, यातला एक शब्दही हलवायचा नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

भाग आला. माझं निवेदन नाही. अविराज म्हणतो, लांबी जास्त होत होती. आरंभी तीच ओळ आहे, माझ्याच आवाजात, जोड क अगदी स्वच्छ. ती काढा म्हटलं तर म्हणाला, आवाज तुमचा असला तरी रेकॉर्डिंग कंपनीचं आहे, तुमची सही आहे.

दत्तोबांचा मेसेज: 'सर, येत्या सत्तावीसला वसाहतीच्या हाफिसात बैठक हाय. तुमी येनार असं साहेबास्नी सांगितलंय.'

१८ जानेवारी, रविवार

कळंबला गेलो. या वेळी यंत्र नेलं नाही.

फ्लेक्स अजून आहे. पंधराएक माणसं जमली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मी नोकरीबद्दल कधीच बोललो नव्हतो. मी यंत्राबद्दल बोलत होतो. कार्यक्रम यंत्र विकणाऱ्या कंपनीचा आहे. ती ओळ त्यांनी लिहिली, मी वाचली. तुमच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आमी इतकं दिस जीपीएस ऐकत हुतो?" आणि दोन-तीन जण खो खो हसले. लीलाबाई म्हणून एक बाई आहेत, त्या म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं. ह्यो बाबा नोकरीचं सोडून सारखं आभाळातल्या उपग्रहाचंच का बोलतोय? म्या सुनंला म्हणलं, शिकलेला हाय, वळणानं येत असंल मुद्द्यावर."

दत्तोबा मात्र हसले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सर, तुमी तुमच्या तोंडानं म्हणलात का न्हाय, भूस्थानिकांचा हक्काचा आवाज?"

"म्हणालो. पण मला..."

"थांबा. तुमी हद्द मोजून दिली, खूण ठोकली. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणलं, माझ्या मनात तसं नव्हतं, तर तुमी खूण उपटता?"

"नाही."

"मग शब्द कसा उपटता?"

मी म्हटलं, मी यातला नाही. माझी जमीन गेलेली नाही. खरं तर जायला जमीनच नव्हती. सणसरला आमच्या घराला उंबरा आहे, बांध नाही. उभी हयात दुसऱ्यांच्या बांधांवर गेली. तुमच्या वतीने मी कुठल्या तोंडानं बोलू?

"मलाबी रान न्हाय," लीलाबाई म्हणाल्या. "त्या माळावर लोकांच्या रानात खुरपत हुते. रान गेलं तवा त्यास्नी पैसं मिळालं. माझं खुरपणं गेलं त्याचं कुणी काय देत न्हाय. मी बसती का न्हाय ह्या भूस्थानिकात, सांगा बघू."

दत्तोबा म्हणाले, "लीलाबाई, तुमचं मागनं बघू."

"मागनं कुठलं? सरच सांगत्याल. शब्द त्यांचाय."

मी गाडीकडे निघालो. मागून दत्तोबा ओरडले, "सत्तावीसला, अकरा वाजता. आमी साहेबास्नी शब्द दिलाय."

२० जानेवारी, मंगळवार

अविराजला कळवलं की ती ओळ काढल्याशिवाय मी पुढे वाचणार नाही. त्याने अजिबात घासाघीस केली नाही. "ठीक आहे, सर. पुढचा सीझन वैष्णवी मॅडम करतील. रेडिओवर होत्या त्या. नाव पण जरा हलकं करतोय, जिओ गप्पा." मग म्हणाला, "तुमच्यामुळे पाया झाला, सर." हे त्याला खरंच वाटत असावं. वाईट पोरगा नाही.

संपलं म्हणायचं. बारा भागांसाठी टिपणं काढून ठेवली होती, ती गादीखाली सारली. सकाळी लासुर्ण्याजवळ मोजणी केली. यजमान मध्येच म्हणाला, "साहेब, जरा हिकडं सरकवा की खूण, कुणाला कळतंय." खूण जिथं होती तिथंच ठोकली.

२४ जानेवारी, शनिवार

ही विचारते, मंगळवारी जाणार का. म्हटलं, माझा संबंध नाही. ती म्हणाली, "न्हाई कसा? फ्लेक्सवर त्यांचा फोटो हाय का तुमचा?"

"फोटो ताणलेला आहे."

"ताणलेला असूदे. तुमचाच हाय ना?"

झोप येईना. शब्द चुकीच्या अर्थाने पोचला, हे खरं. मी तो तसा पाठवला नव्हता, हेही खरं. पण लोकांच्या वापरात शब्द पोरासारखा मोठा झाला की तो आपला नाही असं कुणाला म्हणता येतं का? हे लिहिलं आणि लगेच पटेनासं झालं. उपमा चुकतेय. कुठं चुकतेय ते सापडत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

गेलो.

तीन पानी टिपण नेलं होतं. पहिल्या पानावर भूस्थानिक या शब्दाची व्याख्या, दुसऱ्यावर स्थानिक ठरवायचे निकष, तिसऱ्यावर मागणी. बैठकीची खोली लहान, आमची माणसं भिंतीला टेकून उभी. समोर अधिकारी, तरुण, बोलायला सभ्य, पण सारखा घड्याळ बघणारा. शेजारी कंत्राटदाराचा माणूस मोबाईल बघत.

दत्तोबा म्हणाले, "हे आमचे सर. हेच बोलत्याल."

अधिकाऱ्याने विचारलं, "आपण?"

"मी मोजणीदार. बारामतीत ऑफिस आहे."

"आपली जमीन गेलीय वसाहतीत?"

"नाही."

"कळंबचे?"

"नाही. मूळ सणसर."

"मग आपला संबंध कसा येतो?"

मी टिपण उघडलं. "भूस्थानिक या शब्दाचा..."

"हे बघा, व्याख्यानाला वेळ नाहीये. ज्यांची जमीन गेली तेच बोलतील. आपण बसून घ्या."

मी बसलो. ही सवयीची गोष्ट आहे. वाक्य तुटलं की मी कागद मिटतो. मिटला.

मागून लीलाबाईंचा आवाज आला. "ओ सायेब. बोलू द्या की त्यास्नी. वाक्य तर पुरं हुंद्या."

अधिकारी म्हणाला, "आजी, सगळ्यांचं ऐकायचं तर..."

"समद्यांचं कुठं म्हंती? ह्या एकाचं. तेच आमचे हायत."

दत्तोबा उभे राहिले. मग भिंतीला टेकलेले सगळे एक पाऊल पुढे आले. ओरडले नाहीत, काही नाही. नुसतेच उभे राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "बोला सर." अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. कंत्राटदाराच्या माणसाने मोबाईल उलटा केला.

मी उठलो. टिपण खुर्चीवरच राहिलं.

मी बोललो, आणि मध्ये कुणी तोडलं नाही. लीलाबाईंचं नाव घेतलं, हे आठवतं. रान नसलेली माणसंही मोजा म्हणालो, हे आठवतं, कारण दत्तोबांनी वळून माझ्याकडे बघितलं होतं. बाकी काय बोललो ते सांगता येत नाही. माझ्या बाबतीत असं पूर्वी कधी घडलेलं नाही. कुणी रेकॉर्डिंगही केलेलं नाही.

शेवटी अधिकारी म्हणाला, पुढच्या बैठकीला कंत्राटदाराच्या मालकालाच बोलावतो. बघतो, कळवतो असं म्हणाला नाही. तारीख दिली. एवढंच झालं, यापेक्षा जास्त झालं असं लिहिणार नाही.

बाहेर रसवंतीवर सगळे थांबलो. मी दत्तोबांना बाजूला घेऊन विचारलं, मी आत नेमकं काय बोललो? सुरुवात कुठून केली?

दत्तोबांनी ग्लास तोंडापासून बाजूला केला. "आता त्ये आमाला काय म्हाईत, सर? तुमी बोलत हुता, आमी त्या साहेबाच्या तोंडाकडं बघत हुतो."